सतरा सह्या आणि हातभर पाइप

"काका, आमच्या घरातली अर्थिंगची तार शेवटी जाते कुठे?"

अकरावीतल्या स्वरदा पिंपळापुरेने हा प्रश्न विचारला तो माइकवर, मराठी मंडळाच्या भरगच्च सभागृहात. आणि ज्यांना विचारला ते जितेंद्र देवघरे, 'अ' वर्गाचे लायसन्सधारक विद्युत कंत्राटदार, त्या वेळी गळ्यात झेंडूचा हार, खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन व्यासपीठावर बसले होते. "कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा," असं मंडळाचे अध्यक्ष दत्तात्रयकाका नुकतेच म्हणाले होते. पण हे वाक्य काय कुणी खरंच विचारावं म्हणून म्हणतात? ते म्हणायचं, तीन सेकंद थांबायचं आणि चहाकडे वळायचं, ही आपली रीत! नेमक्या त्या तीन सेकंदांत स्वरदा उठली.

चौथ्या रांगेत तिच्या दोन मैत्रिणी, मृणाल आणि सदफ, ओढण्या तोंडात कोंबून बसल्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती.

आता ही पैज लागली कशी, ते सांगायला हवं.

भोपाळच्या अशोका गार्डनमधल्या पिंपळापुऱ्यांच्या घरी फ्रिजपुढे रबरी चपलांचा एक जोड कायम ठेवलेला असे. निळ्या, अंगठ्यापाशी झिजलेल्या. फ्रिज उघडायचा तर आधी चपला घालायच्या. वॉशिंग मशीनपुढे लाकडी पाट होता. मशीनला हात लावायचा तर पाटावर चढायचं. गीझरचं बटण बंद केल्याशिवाय नळाला शिवायचं नाही. दोन वर्षांपूर्वी बांधलेलं नवंकोरं घर, आणि त्यात हे नवंकोरं सोवळं! पाहुणे आले की कमलिनीताई, म्हणजे स्वरदाची आई, ज्या सुरात "या, बसा" म्हणायच्या त्याच सुरात सांगायच्या, "आणि फ्रिज उघडायचा असेल तर चपला तिथेच आहेत हं." पाहुणे मुकाट्याने चपला घालायचे. का बुवा, असं एकानेही विचारलं नाही. उलट एक काकू कौतुकाने म्हणाल्या, "आमच्याकडे मिक्सरला आहे अगदी असंच."

वाचकहो, हसू नका. तुमच्याही घरात एखादं बटण असेल, ज्याला "जरा जपून हं" म्हणत तुम्ही वर्षानुवर्षं लांबून नमस्कार करत असाल.

स्वरदाचे बाबा, अच्युत पिंपळापुरे, शहराजवळच्या मंडीदीपच्या एका कारखान्यात माल तपासणी विभागात आहेत. दिवसभर नट-बोल्ट गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघतात. केसाएवढा फरक दिसला की अख्खी पेटी परत! माल पुरवणारे त्यांच्या टेबलासमोर चळाचळा कापतात म्हणे. आणि संध्याकाळी हाच वाघ घरी येऊन, आधी रबरी चपला घालून, मग फ्रिजमधून पाण्याची बाटली काढतो!

तरीही पैज चपलांवरून लागली नाही. ती लागली रामकलीबाईंवरून.

रामकलीबाई त्यांच्याकडे घरकामाला यायच्या. एका मंगळवारी सकाळी ओली फरशी पुसताना त्यांचं कोपर वॉशिंग मशीनला लागलं, आणि त्या अशा फेकल्या गेल्या की डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. आवाज ऐकून स्वरदा धावली. रामकलीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ पांढरेफटक, उजवा हात लुळा, कोपरावर काळपट चट्टा. आणि आई त्यांना काय विचारत होती?

"चप्पल क्यों नहीं पहनी, रामकली?"

"पोंछा लगा रहे थे दीदी. चप्पल पहन के पोंछा कैसे लगाएँ?"

"कितनी बार बताया है!"

झालं, निकाल लागला. चूक रामकलीबाईंची! मशीनची नाही, तारेची नाही, तार बसवणाऱ्याची तर नाहीच नाही. ज्या बाईच्या अंगातून वीज गेली, तिचीच चूक.

बाबांनी तेवढ्यापुरता, घराचं वीजकाम केलेल्या देवघऱ्यांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "काही नाही होत हो अच्युतराव! थोडासा झटका तर कोणत्याही मशीनला असतेच. तुमच्या घरची फरशीच ओली राहते, त्याला मी काय करू बाप्पा? येतो ना एखाद्या दिवशी, पाहून घेतो." हा 'एखादा दिवस' गेली दोन वर्षं यायचा होता. बाबा म्हणाले, "बरं बरं, या सवडीने." फोन ठेवून वर घरच्यांना समजावलं, "लायसन्सवाला माणूस आहे. त्याला कळत नसेल का?"

शाळेत मधल्या सुट्टीत स्वरदाने हे सगळं सांगितलं. सदफला त्या फ्रिजचा प्रसाद आधीच मिळालेला होता.

"लोग इबादत की जगह चप्पल उतारते हैं," ती म्हणाली, "तुम्हारे यहाँ फ्रिज के आगे पहनते हैं! कौन-से पीर का फ्रिज है ये?"

"आणि ऐक," मृणाल म्हणाली, "शनिवारी त्याच देवघऱ्यांचा मंडळात सत्कार आहे. माझी आई निवेदन करणारे. मंडळाच्या बालवाडीच्या नव्या खोल्यांची वायरिंगसुद्धा त्यांनाच देणार आहेत."

"बालवाडी? छोटे बच्चों की?" सदफचा डबा हातातच राहिला. "तो पूछ ना उनसे, तुम्हारे घर का अर्थिंग का तार जाता कहाँ है."

"विचारीन."

"माइकवर?" मृणालने डोळे बारीक केले. "तू? हजेरीला 'येस मॅम' म्हणताना घाम फुटायचा तुला."

"ते मागच्या वर्षी."

आणि ते खरंच मागच्या वर्षीचं होतं. या वर्षी जुलैत वर्गाच्या बाईंनी स्वरदाला बळेच वादविवादाला उभं केलं. ती चार मिनिटं बोलली आणि छत काही कोसळलं नाही! तेव्हापासून तिला बोलायची चटकच लागली होती.

"हिम्मत है तो पूछ के दिखा," सदफने हात पुढे केला. स्वरदाने त्यावर टाळी दिली.

तर, सभागृह. प्रश्न विचारून झाला होता. देवघरे क्षणभर गोंधळले, मग हसले. मोठी माणसं लहानांच्या खऱ्या प्रश्नाला हसतात ना, तसं.

"बेटा, अर्थिंगची तार जमिनीत जाते. जमिनीत! अकरावीला सायन्सच आहे ना तुझं?"

सभागृहात हशा पिकला. टाळ्यासुद्धा वाजल्या! कशाबद्दल, ते टाळ्या वाजवणाऱ्यांनाच ठाऊक.

"जमिनीत किती खोल?" स्वरदा बसली नव्हती.

"नियमाप्रमाणे. दहा फूट." देवघऱ्यांनी समोरची जाडजूड फाइल उचलून सगळ्यांना दाखवली. "भोपाळातल्या आपल्या मराठी माणसांची सतरा घरं केली मी. सतराच्या सतरा समाधानपत्रं आहेत यात. हे पाहा, तुझ्याच बाबांचं. 'काम अत्यंत समाधानकारक व नियमानुसार पूर्ण झाले आहे. अच्युत पिंपळापुरे.' आता बोल!"

आता काय बोलणार? सगळ्या माना बाबांकडे वळल्या. बाबांनी मान खाली घातली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "स्वरदा, बस खाली."

ती बसली. कान तापले होते, डोळे भरून आले होते. हार मात्र होता तिथेच होता, आणि दत्तात्रयकाका जाहीर करत होते की बालवाडीचं काम अशाच अनुभवी हातांत जाणार आहे.

मागच्या रांगेत एक बाई हसली नव्हती. ती शोभाआत्या.

शोभाआत्या म्हणजे बाबांची सख्खी थोरली बहीण. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते आणि आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवते. पंचवीस वर्षं तिने तारा सोलल्या, जोडल्या, तपासल्या. पण घराण्यात तिची किंमत काय? "आमची ताई ना, पोरांना स्क्रू पिळायचा पेचकस धरायला शिकवते," असं म्हणून सगळे इंजिनियर भाऊ गोड हसायचे. घर बांधताना ती म्हणाली होती, "अर्थिंगचा खड्डा बुजवायच्या आधी मला बोलाव, अच्युत." बाबा म्हणाले होते, "अगं, लायसन्सवाला माणूस लावलाय. तू कशाला त्रास घेतेस?"

चिवड्याच्या प्लेटांपाशी आत्याने स्वरदाला गाठलं.

"रडतेस कशाला? प्रश्न अगदी बरोबर होता. फक्त चुकीच्या माणसाला विचारलास."

"मग कुणाला विचारायचा?"

"तारेला. उद्या रविवार आहे, सकाळी येते. आणि बापाला आधी सांगू नकोस. नाहीतर तो देवघऱ्यालाच फोन करून विचारेल, 'तपासलं तर चालेल का हो?'"

रविवारी नऊ वाजता आत्या आली. कापडी पिशवीत एकच वस्तू: होल्डरमध्ये बसवलेला साधा बल्ब आणि त्याला दोन तारा. बाबा पेपर वाचत होते, आई दाण्याचं कूट करत होती. रामकलीबाई बधिर हात सांभाळत, डाव्या हाताने भांडी घासत होत्या. चपला घालून.

"हे काय आणलंस ताई?"

"गेज," आत्या म्हणाली. "तुझ्याकडे नट तपासायला असतो ना, तसा."

तिने दिव्याचं एक टोक स्वयंपाकघरातल्या सॉकेटच्या एका भोकात घातलं, दुसरं शेजारच्या भोकात. बल्ब लख्ख पेटला. "ही येणारी वीज आणि ही परत जाणारी. दोन्ही ठीक. आता परतीच्या तारेचं टोक काढते आणि वरच्या मोठ्या भोकात घालते. ते अर्थिंगचं. तार खरंच जमिनीत गेली असेल तर दिवा आत्ता पेटला तसाच पेटायला हवा."

तिने टोक घातलं.

दिवा पेटला नाही! मंदसुद्धा नाही. आत लाल धागाही दिसेना.

"सॉकेट खराब असेल," बाबा म्हणाले.

आत्याने दुसरं सॉकेट घेतलं. मग तिसरं. मग गीझरचं. घरभर तो काळा ठिक्कर बल्ब फिरला, आणि त्याच्या मागून वरातीसारखे सगळे: आई, बाबा, स्वरदा, हात पुसत रामकलीबाई.

"तुमच्या मशीनमध्ये गळती आहे," आत्या सांगू लागली. "जुनी यंत्रं गळतातच. गळालेली वीज अर्थिंगच्या तारेतून निमूट जमिनीत जायला हवी. इथे तारेला जमीनच भेटत नाही. मग ती वीज त्याच तारेवरून सगळ्या घरात फिरते. फ्रिजच्या अंगावर, गीझरच्या अंगावर. आणि वाट बघते, की कोण अनवाणी येतंय."

रामकलीबाईंनी आपलं कोपर दुसऱ्या हाताने झाकून घेतलं.

"चला, मेन स्विच बंद करा. आता खड्डा बघू."

घरामागे सिमेंटची चौकट होती, त्यावर लोखंडी झाकण, त्यावर हिरव्या रंगात सुबक अक्षरांत लिहिलेलं 'अर्थिंग' आणि तारीख. मंदिरासारखंच दिसायचं ते! "आठवड्यातून एकदा पाणी घालत जा, जमीन ओली राहते," असं देवघऱ्यांनी सांगितलं होतं, आणि बाबा दर रविवारी आंघोळ झाल्यावर न चुकता तिथे तांब्याभर पाणी घालायचे. दोन वर्षं. एक रविवार चुकवला नाही!

आत्याने झाकण उघडलं. आत पाइपचं तोंड दिसत होतं, त्याला तारेचे दोन वेढे. आत्याने तार सोडवली.

"स्वरदा, धर. ओढ."

"मी? दहा फूट पाइप?"

"ओढ तर खरं."

स्वरदाने दोन्ही हातांनी पाइप धरला, पाय रोवले आणि जोर लावला. आणि धपकन मागे पडली! मुळा उपटावा तसा पाइप हातात आला होता. हातभर. खालचं टोक करवतीने कापलेलं. ना कोळसा, ना मीठ, ना काही. खाली नुसती माती, आणि त्यात बाबांनी भक्तिभावाने घातलेल्या पाण्याचा चिखल.

सगळे खड्ड्यात वाकून बघू लागले. मग बाबा म्हणाले, "पण... पण मी पाणी घालत होतो."

आणि शोभाआत्या कडवट हसली. 

"पाणी घालत होतास! शाब्बास! अच्युत, मंडीदीपला गेज न लावता एक तरी नट पास करतोस?"

"छे! नोकरी जाईल."

"आणि पेटीवर पुरवठादाराचं लायसन्स चिकटवलेलं असलं तर?"

"त्याने काय होतं? माल तपासावाच लागतो."

"मग इथे काय तपासलंस?"

बाबा पुटपुटले, "वास्तुशांतीचा दिवस होता गं. पाहुणे जमलेले. तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला, पाया पडला, कागद पुढे केला. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणायचं? तेव्हा तर मीटरही लागला नव्हता."

"म्हणजे घरात वीज यायच्या आधीच वीजकाम 'अत्यंत समाधानकारक' झालं होतं! 'नियमानुसार' झालं होतं!" आत्याचा आवाज चढला. "कारखान्यातला नट पडला तर कंपनीचं नुकसान. म्हणून तिथे डोळ्यांत तेल घालून बघतोस. इथे कोण पडलं? रामकली. तर तिला चप्पल विचारलीत! स्वरदाने सांगितलं मला. लाज वाटायला हवी. अरे, लायसन्स म्हणजे या माणसाला काम येतं एवढाच दाखला. त्याने ते केलं, हा दाखला तू द्यायचा होतास, आणि तू तो पेढ्याबरोबर गिळलास. तुझ्यासारखे सतरा जण गिळले, म्हणून आज त्याच्या गळ्यात हार आहे आणि उद्या बालवाडी त्याच्या हातात आहे."

बाबा चिखलाकडे बघत राहिले. "मग आता? तक्रार करायची? पण सही माझीच आहे. आणि मंडळात काय तोंड दाखवायचं? आपलाच माणूस..."

"सही तुमची आहे," आई पुढे येऊन म्हणाली. "घर माझं आहे."

सगळे तिच्याकडे बघू लागले. खरंच की! बाईच्या नावावर रजिस्ट्री केली तर शुल्कात सूट मिळते, म्हणून जागा आणि घर कमलिनी पिंपळापुरे या नावावर होतं. सवलतीपुरतं आठवलेलं ते नाव, नंतर सगळे विसरून गेले होते. आईसुद्धा.

"मला कुणी समाधान विचारलं नव्हतं," आई म्हणाली, "आणि मला ते नाहीये. स्वरदा, कागद आण." मग ती रामकलीबाईंकडे वळली, आणि तिचा आवाज एकदम पडला. "रामकली, उस दिन हमने गलत पूछा था. माफ़ करना."

 रामकलीबाईंनी घरात जाऊन पायातल्या निळ्या चपला काढल्या आणि फ्रिजपासून लांब, भिंतीशी नेऊन ठेवल्या.

आत्याने सांगितलं, आधी कंत्राटदाराला लेखी कळवायचं. काय चुकलंय, कसं तपासलं, किती दिवसांत दुरुस्त करून हवंय, सगळं. फोनवर बोललेलं हवेत जातं. आईने पत्र लिहिलं, स्वरदाने पाइपशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढले, पंधरा दिवसांची मुदत दिली आणि पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं.

पंधरा दिवसांत देवघरे आले नाहीत. आले दत्तात्रयकाका!

"वहिनी, घरातलं घरात मिटवू या ना," सोफ्यावर ऐसपैस बसत ते म्हणाले. "परक्या मुलखात आपण चार मराठी माणसं. कारवाई झाली तर त्याच्या लेकरांचं काय?"

"बालवाडीत पस्तीस लेकरं बसणार आहेत," आई म्हणाली. "ती कुणाची आहेत?"

"अहो, पण आपला माणूस..."

"रामकली रोज या घरात येते. देवघरे दोन वर्षांत एकदाही आले नाहीत. आपलं कोण, ते तुम्हीच सांगा."

दत्तात्रयकाकांनी चहा अर्धा ठेवला. उठताना त्यांना पाणी हवं होतं. ते सवयीने फ्रिजकडे गेले आणि तिथे जाऊन चपला शोधू लागले! अध्यक्ष! त्यांच्या पायांना सगळं ठाऊक होतं, तोंडाला तेवढं माहीत नव्हतं.

सोळाव्या दिवशी आई आणि स्वरदा लायसन्स देणाऱ्या कार्यालयात गेल्या. अर्जासोबत कामाचा करार, पत्राची प्रत, पोस्टाची पावती, फोटो आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो पाइप. खिडकीतले बाबूजी म्हणाले, "ये क्या है?" स्वरदा म्हणाली, "दस फुट का पाइप है, सर. नाप लीजिए."

दीड महिना लागला. दोनदा जावं लागलं, एकदा कागद हरवला, तो पुन्हा दिला. तेवढे दिवस मशीन बंद होतं. बाबांनी स्वतः त्याची तार काढून ठेवली होती आणि रोज संध्याकाळी कपडे हाताने पिळत होते. न सांगता! मग एक दिवस निरीक्षक आले. त्यांनी आपल्या मीटरने मोजलं, वहीत लिहिलं आणि देवघऱ्यांना बोलावून, तिथेच उभं करून सांगितलं: अर्थिंग स्वखर्चाने नव्याने करा, गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवा, फेरतपासणी होईपर्यंत नवीन काम घेऊ नका. बालवाडी थांबली.

देवघरे मजूर घेऊन आले. या वेळी स्वतः खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. दहा फूट खोदलं, कोळसा आणि मीठ टाकलं, अख्खा पाइप उतरवला. स्वरदा शेजारीच ठाण मांडून बसली होती.

"काका, त्या वेळी तुम्ही बघितलंच नव्हतं का?"

देवघऱ्यांनी कपाळ पुसलं. आज हार नव्हता. नुसता घामेजलेला, थकलेला माणूस होता. "पोरी, मी साइटवर जातोच कुठे? लायसन्स माझं, काम माणसं करतात. खडक लागला की कापून टाकतात पाइप." मग अगदी खरं बोलावं तसं म्हणाले, "अन् सतरा घरांत एकानंही विचारलं नाही ना! झाकणाला रंग कोणता देऊ, हे मात्र सगळ्यांनी विचारलं."

ऐकलंत, वाचकहो? हा माणूस काही राक्षस नव्हता. आपण न विचारलेल्या प्रश्नांवर तो आरामात जगत होता, इतकंच. असे किती देवघरे आपण पेढे खाऊन पोसलेत!

काम संपलं. आणि देवघऱ्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून बाबांपुढे धरला. "काम समाधानकारक झाले असून तक्रार मागे घेत आहे." वर ओशाळं हसून म्हणाले, "एक छोटीशी सही, अच्युतराव. वहिनींची पण."

आणि बाबांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला! खरंच गेला. पेन बाहेर आलं, टोपण निघालं. आई बघत होती, रामकलीबाई बघत होत्या. स्वरदा तर अर्धी उठलीच. आता काय, ओरडावं? की पेनच हिसकावून घ्यावं?

बाबांनी पेन कागदावर टेकवलं... आणि थांबले. आपल्याच हाताकडे ते असे बघायला लागले, जणू कारखान्यात परत पाठवलेला नट पुन्हा पेटीत सापडलाय.

"नाही!" ते मोठ्याने म्हणाले. "स्वरदा, दिवा आण."

तिने धावत आणला. बाबांनी मेन स्विच चालू केला. एक टोक घातलं. दुसरं टोक अर्थिंगच्या भोकात.

दिवा लख्ख पेटला आणि त्याच क्षणी खट्! नव्या स्विचने वीज तोडली. म्हणजे दोन्ही कामं खरी होती! बाबांनी तरीही प्रत्येक सॉकेट तपासलं. दर वेळी लख्ख, दर वेळी खट्. चाळीस मिनिटं लागली. देवघरे तोवर उन्हात उभे होते, आणि कुणी त्यांना "बसा" म्हटलं नाही.

मग बाबांनी तो छापील मजकूर आडव्या रेघेने खोडला आणि खाली आपल्या अक्षरांत लिहिलं: 'नऊ सॉकेट स्वतः तपासली. दिवा पेटला, स्विच सुटला. पूर्वी दिलेलं समाधानपत्र न पाहता दिलं होतं, ते रद्द समजावं. तक्रारीबाबत फेरतपासणीनंतर कार्यालय ठरवील.' त्याखाली आईने सही केली, आधी. मग बाबांनी.

कागद वाचताना देवघऱ्यांचा चेहरा पडला, पण त्यांनी तो घेतला. दुसरं काय करणार? आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खरा दाखला मिळाला होता.

ते गेल्यावर बाबांनी मधल्या काळात दुरुस्त करून घेतलेल्या मशीनची तार पुन्हा जोडली आणि ते रामकलीबाईंपुढे उभे राहिले. मंडीदीपचा वाघ, हात जोडून. "रामकलीजी, गलती मेरी थी. दस्तख़त मेरे थे." रामकलीबाई म्हणाल्या, "अब मशीन को हाथ लगाएँ, भैया जी?" आणि अनवाणीच पुढे जाऊन त्यांनी मशीनवर तळहात ठेवला. काहीही झालं नाही. त्या काहीही न होण्याचा केवढा आनंद!

आपल्याकडे सही हा शिष्टाचार झाला आहे. चहा घ्या, पेढा घ्या, सही घ्या. पण नागरिकहो, न पाहिलेल्या कामाखाली केलेली सही म्हणजे खोटी साक्ष, आणि तिची शिक्षा सही करणाऱ्याला होत नाही. जी बाई अनवाणी फरशी पुसते, तिला होते. काम करणाऱ्याचा मान जरूर ठेवा. पण तपासून! आणि चुकलं असेल तर ते लिहून सांगा, पुरावा द्या आणि दुरुस्त होईपर्यंत मागे हटू नका. कारण आपण जे निमूट सोसतो, तेच पुढच्या घरी 'समाधानकारक' म्हणून जातं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर स्वरदाने टेबलावर तीन वस्तू आणून ठेवल्या: आत्याचा दिवा, हातभर पाइप आणि एक कागद.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय."

"काय गं?" बाबा सावध झाले.

"देवघऱ्यांच्या फाइलमध्ये सतरा घरं होती. आपलं झालं. सोळा राहिली. यादी मृणालच्या आईकडून मिळाली, सत्काराला वाचायची म्हणून होती त्यांच्याकडे. उद्यापासून प्रत्येक रविवारी मी त्यातल्या एका घरी जाणार. आत्या येणारे, तिच्याशिवाय मी कुठल्याही सॉकेटला हात लावणार नाही, शपथ! मृणाल आणि सदफ लिहून घेणार. आणि रामकलीबाई येणारेत. स्वतः म्हणाल्या, 'कोहनी हम दिखाएँगे.'"

"लोक घरात घेतील का तुला?" आईने विचारलं.

"नाही घेतलं तर हा पाइप दाखवीन. पहिलं घर दत्तात्रयकाकांचं. त्यांच्या फ्रिजपुढच्या चपला लाल आहेत." स्वरदाने खुर्ची मागे सारली आणि उभी राहिली, माइकसमोर राहिली होती तशी. "आणि बाबा, मी विचारत नाहीये. सांगतेय."